पाऊण डॉलरची तफावत

हिशेब चुकला होता तो पंचाहत्तर सेंटांचा. साल १९८६, महिना ऑगस्टचा. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाच्या मागे एक टेकडी आहे, तिच्यावर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा वसलेली आहे, आणि त्या प्रयोगशाळेच्या संगणक केंद्रात क्लिफर्ड स्टॉल नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ नुकतेच रुजू झाले होते. दुर्बिणीच्या रचनेवर काम करता करता त्यांचे अनुदान संपले, म्हणून त्यांची रवानगी तळघरातल्या संगणकांकडे झाली. आणि नवख्या माणसाच्या हाती द्यावे असे किरकोळ काम म्हणून ही तफावत त्यांच्याकडे आली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द ककूज एग' या पुस्तकाला इथून आरंभ होतो. हेरकथा म्हणून ते जगभर वाचले गेले, आणि ते तसे आहेही. पण आपण ते जरा वेगळ्या आवडीने वाचू या. जाळ्यावरच्या रहदारीचे नित्याचे रूप आधी मनात मुरवायचे, आणि मग कशालाही हात न लावता, नुसते पाहत राहून, तिच्यात मिसळलेला परका हेरायचा, ही आज संगणकसुरक्षेत रुळलेली विद्या इतक्या रसाळपणे उलगडताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

त्या पंचाहत्तर सेंटांकडेच आधी निरखून पाहू. प्रयोगशाळेत संगणकाचा वेळ विकत घ्यावा लागे आणि त्याचा दर होता तासाला तीनशे डॉलर. म्हणजे पाऊण डॉलरला मिळत ती नऊ सेकंदे. कुणीतरी नऊ सेकंदे वापरली आणि त्यांचे पैसे कुणाच्याच नावावर पडले नाहीत. हे ध्यानात आले, कारण तिथे हिशेबाच्या वह्या दोन होत्या. एक युनिक्स प्रणालीची अंगची, आणि दुसरी, उन्हाळी सुटीत येऊन गेलेल्या विद्यार्थ्यांनी कधीकाळी लिहून ठेवलेल्या घरगुती प्रोग्रॅमांची, काहीशी ओबडधोबड. पहिल्या वहीत 'हंटर' नावाचा कुणी वापरकर्ता होता; दुसरीला त्याला बिल पाठवायला पत्ताच सापडेना. एरवी या दोन वह्या महिनोन्‌महिने एकच गोष्ट सांगत आलेल्या, इतक्या एकमुखाने की त्या दोन आहेत याचे कौतुकही कुणाला उरलेले नसावे. या कंटाळवाण्या एकमुखीपणाच्या पाठीवर नऊ सेकंदांचा ओरखडा उमटला. हजारोंच्या हिशेबात पाऊण डॉलर सोडून द्यायला कुणाचीच हरकत नसती. स्टॉल यांनी तो सोडला नाही. रक्कम मोठी असती तर ती कारकुनी चूक ठरली असती. ती इतकी क्षुल्लक आहे याचेच त्यांना कुतूहल वाटले, आणि वाचताना आपल्यालाही ते कुतूहल लागते.

मग कळते की एक जुना सहकारी इंग्लंडात असताना त्याचे खाते इथे बर्कलीत जागे झाले आहे. ज्या खात्याला झोपेची सवय, ते उठून चालू लागले. पाहुण्याने आत शिरून काय केले, याचाही उलगडा होतो. ईमॅक्स या संपादक प्रोग्रॅमचा टपाल हलवणारा एक छोटा भाग प्रयोगशाळेत गरजेपेक्षा जास्त अधिकार देऊन बसवलेला होता. त्याच्या आडून पाहुण्याने, दर पाच मिनिटांनी आपोआप चालणाऱ्या एका प्रणाली-प्रोग्रॅमच्या जागी आपला प्रोग्रॅम नेऊन ठेवला. पाच मिनिटे थांबायचे, की यंत्र स्वतःच तो आपला समजून चालवणार आणि परक्याला सर्वाधिकार बहाल करणार. पुस्तकाच्या नावातला ककू तो हाच. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि पावशाची मादी सातभाईंच्या, हे आपण बालपणापासून ऐकत आलो. पण त्या अंड्याच्या गोष्टीत आपले लक्ष नेहमी कोकिळेच्या धूर्तपणाकडे जाते. स्टॉल यांचे पुस्तक आपल्याला घरटे राखणाऱ्याकडे पाहायला लावते. आपल्या अंड्यांशी त्याची ओळख जितकी वरवरची, तितके परक्याचे फावते.

आता या पुस्तकातला मला सर्वांत प्रिय असलेला प्रसंग. एका शुक्रवारी संध्याकाळी, सहकारी सुटीवर निघून गेल्यावर, स्टॉल इमारतभर हिंडतात आणि ज्याच्या टेबलावर जे दिसेल ते उचलून आणतात : प्रिंटर, टेलिप्रिंटर, हलवता येण्याजोगे संगणक. बाहेरून प्रयोगशाळेत येणाऱ्या वाहिन्या पन्नास. पन्नासांपैकी प्रत्येकीला एक यंत्र जोडले जाते, आणि मग हा गृहस्थ त्या खडखडणाऱ्या यंत्रांच्या गराड्यात जमिनीवरच अंग टाकतो. त्या शनिवार-रविवारी पाहुणा आला. टाइमनेट या व्यापारी जाळ्याच्या वाहिनीवरून आला, तीन तास मनसोक्त हिंडला, आणि त्याने दाबलेली प्रत्येक कळ आणि त्याला मिळालेले प्रत्येक उत्तर ऐंशी फूट कागदावर उतरले. त्याला त्याची गंधवार्ताही नव्हती.

ही मांडणी सुंदर का वाटते, याचा विचार करत आपण इथे थोडे रेंगाळू. संगणकातच एखादा टेहळणीचा प्रोग्रॅम बसवणे कितीतरी सोपे होते. पण पाहुणा सर्वाधिकारी झालेला. यंत्रात चाललेला प्रत्येक व्यवहार त्याला दिसत होता, आणि आल्या आल्या कोण कोण हजर आहे हे पाहण्याची त्याची सवयही होती. म्हणून पाहणारी यंत्रे संगणकाच्या बाहेर, तारेवर. संगणकाला विचारले तरी तो सांगू शकणार नाही की माझ्याकडे कुणी पाहते आहे, कारण त्यालाच ते ठाऊक नाही. आज ज्याला 'टॅप' म्हणतात, किंवा स्विचमधल्या एका पोर्टावर दुसऱ्या पोर्टाची रहदारी जशीच्या तशी उमटवून घेतात, त्यात हेच तत्त्व आहे. प्रकाशतंतूत तर येणाऱ्या प्रकाशाचाच एक अंश वेगळा काढून पाहणाऱ्याकडे वळवतात, आणि उरलेला प्रकाश आपल्या वाटेने पुढे जातो. खगोलशास्त्रज्ञाला हे शिकवावे लागले नसणार. ताऱ्याला हात लावता येत नाही, त्याला प्रश्न विचारता येत नाही. तो जे पाठवील ते घ्यायचे, वेळ लिहून ठेवायची आणि वाट पाहायची. स्टॉल यांची नोंदवहीही त्याच संस्कारातली. ती कागदाची, हाताने लिहिलेली, कारण संगणकावरचे टपाल पाहुणा वाचत होता. त्याच्याविषयीचे बोलणे फोनवर किंवा समोरासमोर. एक गोष्ट मात्र वाचताना सलत राहते. पन्नास वाहिन्यांपैकी पाहुण्याची एक. बाकीच्यांवर साधेसुधे शास्त्रज्ञ आपापले काम करत होते, आणि त्यांचेही टंकन कागदावर उतरत होतेच. पाहणारा कितीही निःस्पृह असला तरी दुसऱ्याच्या तारेवर कान ठेवण्यातले हे अवघडलेपण पुसले जात नाही.

ऐंशी फूट कागद वाचायचा कसा? इथे एक अक्षर चमकते. यंत्रावर कोणकोणती कामे चालू आहेत हे पाहण्यासाठी पाहुणा 'पीएस' ही आज्ञा देत असे आणि तिच्यामागे ई, ए, एफ, जी अशी चार अक्षरे जोडत असे. प्रयोगशाळेतल्या युनिक्सच्या एका जाणकाराची नजर एफवर थबकली. बर्कलीच्या युनिक्समध्ये त्या एफचा काही उपयोगच नाही. तो चालतो एटी अँड टीच्या युनिक्समध्ये. बर्कलीत वाढलेला माणूस ते अक्षर टंकणार नाही, कारण त्याच्या बोटांना त्याची गरज कधी पडलेलीच नाही. म्हणजे हा खोडकर स्थानिक विद्यार्थी नव्हे. पश्चिम किनाऱ्यावरच्या युनिक्सची चव न घेतलेला कुणी दूरचा आहे. अक्षर निरुपयोगी होते म्हणूनच ते बोलके ठरले. उपयोगी आज्ञा कुणीही देतो, त्यातून माणूस दिसत नाही. हा निष्कर्ष काढायला बर्कलीतले लोक एरवी काय टंकतात हे कुणाच्या तरी अंगवळणी पडलेले असावे लागते. पाहुण्याच्या ऐंशी फुटांमागे जाणकाराचे कितीतरी वर्षांचे, कुठल्याच कागदावर नसलेले वाचन उभे होते.

नोंदवहीतल्या वेळाही अशाच बोलू लागतात. पाहुणा बहुधा कॅलिफोर्नियाच्या भर दुपारी येई. असले उद्योग रात्री चालतात अशी सर्वांची समजूत. मग हा दुपारी का? त्याची रात्र आपल्या दुपारी पडत असेल तर? पुढे लुई अल्वारेझ भेटतात, १९६८ सालचे भौतिकीचे नोबेल मिळवलेले. पोलिसाच्या भूमिकेतून बाहेर ये आणि याला संशोधन समज, अशा अर्थाचा सल्ला ते देतात. स्टॉल मोजू लागतात. पाहुणा फाइल उतरवून घेत असताना दोन यंत्रांमध्ये 'पोचले', 'पोचले' अशी पावती जात-येत असते. त्या पावतीला लागणारा वेळ ते मोजतात आणि प्रकाशाच्या वेगाने गुणून पाहतात, तर अंतर येते चंद्राइतके! वाचक हसतो, आणि त्या हसण्यातच पुढची पायरी चढतो. जाळ्यात वाटेवर थांबे असतात, प्रत्येक थांब्यावर विलंब होतो. नुसता आकडा म्हणून काही सांगत नाही. तेव्हा आधी ओळखीच्या, ठाऊक अंतरावरच्या शहरांतून येणाऱ्या पावत्यांना किती वेळ लागतो ते पाहायचे, त्यांची रेघ आखायची, आणि त्या रेघेवर पाहुणा कुठे बसतो ते पाहायचे. तो बसला अमेरिकेच्या सीमेपलीकडे. आजचे सुरक्षा-अभियंते जिला बेसलाइन म्हणतात, तिची मला माहीत असलेली ही सर्वांत लोभस आकृती.

आता या पुस्तकाच्या घडणीविषयी माझे एक मत. स्टॉल मध्येच गोष्ट सोडून घरी जातात. त्यांची जोडीदार मार्था आणि घरातली तिसरी मैत्रीण, गोधड्यांची शिवणकला, बर्कलीतले भाबडे डावे वातावरण, वाळवायला म्हणून मायक्रोवेव्हमध्ये ठेवून वितळवलेले बूट. एके ठिकाणी तर तळटीपेत चॉकलेटच्या बिस्किटांची सगळी कृती दिली आहे. हा भराव आहे, संपादकाने कात्री चालवायला हवी होती, असे म्हणणारे वाचक मला भेटले आहेत. मला ही पाने पुस्तकाचा कणा वाटतात. घरातल्या या संथ दिनक्रमाची आपल्याला इतकी सवय होते की पाहुणा आल्याची खबर देणारा पेजर मध्यरात्री वाजला की आपणही दचकतो. रोजचा सूर कानात भरलेला नसता तर तो पेजर हेरकथेतली आणखी एक घंटा ठरला असता. पाहुण्याला ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत जे करावे लागले, तेच लेखकाने वाचकाच्या बाबतीत केले आहे. आधी नेहमीचे दिवस दिले, मग त्यांत परके पाऊल उमटवले. हे योजून झाले की आपसूक, याचा निवाडा करण्याची मला गरज वाटत नाही.

निरीक्षक अलिप्त राहतो, हे तत्त्व एकदा मोडते, आणि ते मोडण्याची रीत तर केवळ लाजवाब. पाहुणा एक नाजूक फाइल उतरवून घेऊ लागतो. वाहिनी तोडली तर तो सावध होणार. न तोडावी तर माहिती जाणार. स्टॉल खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढतात आणि तो तारेच्या जोडावर हलकेच खुळखुळवतात. वाहिनीत खरखर शिरते, अक्षरे बिघडतात, पाहुण्याला वाटते की लाइन खराब आहे, आणि तो ती फाइल सोडून देतो. खराब लाइन ही त्या काळातल्या जाळ्याची नित्याची गोष्ट. पाहुणा यंत्रांच्या नेहमीच्या गर्दीत लपत आला होता. इथे पाहणाराच नेहमीच्या खरखरीत लपला.

पुढचे कथानक सुपरिचित आहे, म्हणून झटपट सांगतो. वाट पश्चिम जर्मनीच्या डेटेक्स-पी जाळ्यात आणि ब्रेमेनमार्गे हॅनोव्हरकडे निघाली. तिथली टेलिफोन केंद्रे जुन्या यांत्रिक धाटणीची. फोनचा माग काढायला तंत्रज्ञाने प्रत्यक्ष जाऊन तारा पाहाव्या लागत, आणि तेवढा वेळ पाहुणा थांबत नसे. त्याला थांबवायला मार्थाने युक्ती सुचवली. अंतराळ-संरक्षण योजनेचे एक बनावट खाते, एक बनावट सचिव, आणि नोकरशाहीच्या लांबलचक, रटाळ पत्रव्यवहाराच्या फायली. पाहुणा वाचत बसला, माग पूर्ण झाला. काही महिन्यांनी पिट्सबर्गहून त्या बनावट कार्यालयाच्या नावे, त्याच कागदपत्रांची मागणी करणारे खरेखुरे पत्र आले; ज्या नावांना त्या फायलींपलीकडे अस्तित्व नव्हते, ती नावे टपालात अवतरली. मार्कुस हेस हा तो पाहुणा. त्याने सुमारे साडेचारशे संगणकांची दारे ठोठावली होती आणि तिसाहून अधिक उघडली होती; मिळालेली माहिती केजीबीला विकली जात होती. १९९० साली त्याला शिक्षा झाली, तीही स्थगित.

मला यापेक्षा रमायला आवडते ते त्याच टेकडीवर पुढे जे उगवले त्यात. तारेवरून जाणारी पॅकेटे जशीच्या तशी दाखवणारा 'टीसीपीडंप' १९८०च्या दशकाच्या अखेरीस याच प्रयोगशाळेत लिहिला गेला. १९९५ साली व्हर्न पॅक्सन यांनी तिथेच 'ब्रो' नावाची निरीक्षणप्रणाली रचायला घेतली. नावात ऑर्वेलच्या 'बिग ब्रदर'ची आठवण मुद्दाम ठेवलेली, म्हणजे पाहणाऱ्याला आपल्या पाहण्याची थोडी लाज राहावी. २०१८ साली ती 'झीक' झाली. ती तारेच्या कडेला बसते, मध्ये येत नाही, आणि प्रत्येक संभाषणाची एक ओळ लिहिते : कोण, कुणाशी, केव्हा, किती वेळ, इकडून किती बाइट, तिकडून किती. त्या ओळीच्या शेवटाकडे एक लहानसा रकाना असतो, 'हिस्टरी' नावाचा, त्याच्यापाशी आपण थबकू. त्यात अक्षरांची एक छोटी माळ असते. संभाषण सुरू करणाऱ्याची अक्षरे रोमन मोठ्या लिपीत, उत्तर देणाऱ्याची छोट्या लिपीत. मोठा एस म्हणजे हाक, छोटा एच म्हणजे ओ, मोठा ए म्हणजे ऐकले. मग दोन्हीकडून डी म्हणजे मजकूर आणि ए म्हणजे पोच, आणि शेवटी मोठा एफ, छोटा एफ, दोघांनी घेतलेला निरोप. काय बोलणे झाले त्यातले अक्षरही कळत नाही, पण भेट घडली कशी ते आठ अक्षरांत उभे राहते. आणि जिथे नुसताच एस आहे, पुढे काही नाही, तिथे कुणी हाक मारली आणि उत्तर आले नाही. अशी एखादी ओळ दिसली तर ती चुकलेला पत्ता असते. एकाच यंत्राकडून शेजारच्या शेकडो पत्त्यांना अशा हाका जाऊ लागल्या, की कुणीतरी दारे चाचपत फिरते आहे. स्टॉल यांच्या कागदावर सगळा मजकूर उघडा होता. आज तो बहुतेक कूटबद्ध असतो, आणि वाचकाच्या हाती उरतो तो संभाषणाचा आकार, त्याची लय आणि भेटीची वेळ.

या लयीची एक मौज आहे. सकाळी कचेरी उघडली की रहदारी चढते, जेवणाच्या वेळी ओसरते, रात्री उशिरा बॅकअपचा डोंगर उभा राहतो, घड्याळे आपली वेळ अधूनमधून जुळवून घेतात. महिनाभर आलेख पाहिला की कुणालाही वाटावे, आता सरासरी काढली की झाले. पण १९९३ साली बेलकोर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे टिपलेल्या इथरनेट रहदारीचे विश्लेषण मांडले आणि हा भरवसा मोडला. ती रहदारी सेकंदाच्या मापाने पाहा की तासाच्या, तितकीच उसळती दिसते. दुरून पाहिले म्हणून सपाट होत नाही. उसळणे हाच तिचा स्वभाव. म्हणून एक आकडा ठरवून त्याच्या वर गेले की घंटा वाजवणारा पहारेकरी दिवसभर घंटाच वाजवत बसतो. उलट जिथे एखादे यंत्र दर साठ सेकंदांनी, न चुकता, तेवढेच बाइट घेऊन बाहेरच्या एकाच अनोळखी पत्त्याला भेटून येते, तिथे रसिकाने कान टवकारावेत. जिवंत माणसांच्या खळखळाटात इतकी नेटकी टापटीप शोभत नाही. अर्थात घड्याळही तसेच वागते आणि ते निरपराध असते. म्हणूनच आपल्या जाळ्यातली घड्याळे कोणती, छपाईयंत्रे कोणती, कुणाला बाहेर जाण्याचे कारणच नाही, हे आधी ठाऊक हवे. आणि एक चोरटी अडचण उरतेच : आपण नित्याचे चित्र रेखाटायला बसलो त्या दिवशी परका आधीच आत असेल, तर तोही त्या चित्रात नित्य म्हणून सामील होतो. बर्कलीचा पाहुणा असा मुरला नाही, कारण त्याच्या नऊ सेकंदांना बिलाचा पत्ता नव्हता.

पुस्तकाला एक उपसंहार आहे, आणि तो अनावश्यक आहे असे म्हणणारेही आहेत. २ नोव्हेंबर १९८८च्या रात्री इंटरनेटवर एक कीड सुटली, हजारो यंत्रे तिच्या प्रतींच्या ओझ्याखाली गुदमरली, आणि स्टॉल रात्रभर फोनवर इतरांबरोबर तिचा छडा लावत राहिले. आधीची शेकडो पाने आपण नऊ सेकंदे, एक अक्षर, पावतीचा विलंब असल्या गोष्टींवर डोळे बारीक करून बसलेलो. आणि आता हा गोंधळ, जो पाहायला डोळे बारीक करण्याची गरजच नाही. लेखकाने इथे आपल्याच विद्येला तोकडे पाडले आहे, आणि ते मोकळ्या मनाने. त्यात भर म्हणजे कीड सोडणारा तरुण रॉबर्ट मॉरिस. त्याचे वडील अमेरिकी सरकारच्या संगणकसुरक्षा केंद्रातले मोठे तज्ज्ञ, ज्यांच्यासमोर बसून स्टॉल यांनी आपल्या पाहुण्याची सगळी हकीकत सांगितलेली असते. जर्मनीपर्यंत माग काढणाऱ्या या पुस्तकात शेवटचा परका ओळखीच्याच घरातून निघतो. कादंबरीकाराने हा योगायोग रचला असता तर आपण तो ओढूनताणून आणलेला म्हटला असता.